पडद्यावरचे मूल आणि चिकित्सालयातले मूल

सन २००९ च्या डिसेंबर महिन्यात एक दांपत्य आपल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. मूल दिसण्यात सुदृढ, अंगाने भरलेले, आईच्या मांडीवर निवांत बसलेले. तक्रार एवढीच की, ते बोलत नाही. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही. पण आतल्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला तर धावत जाते. आम्ही जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला, झोपेची चौकशी केली. मलावष्टंभ होता, झोप तुटक होती. आमचे बोलणे चालू असताना त्या बालकाने मेजावरच्या बाटल्यांची बुचे काढून एका ओळीत मांडली. त्यातले एक आम्ही सहज सरकवले, तेव्हा त्याने आकांत मांडला आणि ते बुच पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवूनच तो शांत झाला. हे सर्व आमच्या डोळ्यांदेखत घडले. ‘मुलगे जरा उशिराच बोलतात’ असे सांगून आम्ही सारस्वतारिष्ट आणि ब्राह्मीघृत दिले व तीन महिन्यांनी येण्यास सांगितले.

ऑटिझम हा शब्द त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही. ठाऊक होता, पण पुस्तकातून नव्हे, ‘रेन मॅन’ या इंग्रजी चित्रपटातून. कोणाच्याही स्पर्शाने दचकणारा, निर्विकार चेहऱ्याचा, आकड्यांत अचाट गती असलेला मनुष्य, असे एक चित्र आमच्या मनात पक्के बसले होते. समोरचे मूल तर हसत होते, आईच्या गळ्यात हात टाकत होते, आणि त्याला आकडे येत नव्हते. मनातल्या चित्राशी ते जुळेना. आम्ही चित्र खरे मानले आणि मूल बाजूला सारले. त्यात चौदा महिने गेले. ज्या वयात बालकाच्या मेंदूची घडण सर्वाधिक वेगाने होते, त्या वयातले ते चौदा महिने होते.

आमच्यासारखीच चूक आपल्यापैकी आणखी कोणाच्या हातून झाली असेल किंवा उद्या होईल, या शंकेने हा लेख लिहीत आहोत. ऑटिझमच्या चिकित्सेवर या नियतकालिकात यापूर्वी लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. येथे विषय निराळा आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी, वृत्तपत्रे आणि जाहिराती यांनी या अवस्थेचे जे चित्र उभे केले, ते रुग्णाच्याही आधी आपल्या दारात येऊन कसे उभे राहते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘रेन मॅन’ची सावली

हा चित्रपट डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन. रेमंड बॅबिटची भूमिका डस्टिन हॉफमन यांची. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता आणि मूळ पटकथा असे चार ऑस्कर पुरस्कार त्याला मिळाले. उपाहारगृहात दातकोरण्यांची डबी जमिनीवर सांडते आणि रेमंड एका दृष्टिक्षेपात २४६ हा आकडा सांगतो, तो प्रसंग ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. त्यानंतर जगभर, आणि आपल्याकडेही, ‘ऑटिस्टिक म्हणजे तो, ज्याला हिशोब येतो’ असे समीकरण रूढ झाले.

आता यातला खरा भाग पाहा. पटकथाकार बॅरी मॉरो यांना ज्या गृहस्थांवरून ही कल्पना सुचली, ते किम पीक हे अमेरिकेतील युटा राज्याचे रहिवासी होते. त्यांची स्मरणशक्ती खरोखरच अलौकिक होती. वाचलेली हजारो पुस्तके त्यांना मुखोद्गत होती. पण त्यांना ऑटिझम नव्हता. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टाच त्यांच्या मेंदूत जन्मतः नव्हता. हॉफमन यांनी भूमिकेच्या तयारीसाठी ऑटिझम असलेल्या काही तरुणांचाही जवळून अभ्यास केला होता, आणि त्यांच्या लकबी व किम पीक यांची स्मृती यांच्या मिश्रणातून रेमंड तयार झाला. म्हणजे ज्या मनुष्यावरून जगाने ऑटिझम ओळखायला सुरुवात केली, तसा मनुष्य मुळात कोठे अस्तित्वातच नव्हता. शिवाय हे असामान्य किम पीक स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्याही नीट लावू शकत नव्हते आणि आयुष्यभर वडिलांनी त्यांचा सांभाळ केला, हे किती जणांना माहीत आहे? २००९ च्या डिसेंबरात, म्हणजे वर सांगितलेले मूल आमच्याकडे आले त्याच महिन्यात, त्यांचे निधन झाले.

बर्नार्ड रिमलँड यांनी १९७८ साली पालकांकडून जमवलेल्या माहितीत सुमारे १० टक्के मुलांत काही विशेष कौशल्य आढळले होते. त्यातही बहुतेकांचे कौशल्य म्हणजे तारखा, गाणी, गाड्यांचे क्रमांक लक्षात राहणे, इतपतच. उरलेल्या मुलांना चित्रपटात जागा मिळाली नाही. पडद्यावर नाही म्हणून ती वैद्याच्या मनातही नाहीत, हा त्याचा पुढचा परिणाम.

तथापि या चित्रपटाने काहीच भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८८ पूर्वी हा शब्द सामान्य माणसाने ऐकलेलाही नव्हता. मूल बोलत नाही, त्याला कोणते नाव द्यावे हे न कळलेल्या असंख्य घरांना त्या चित्रपटाने निदान एक नाव दिले.

शब्दच एक चित्र आहे

मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द सुंदर आहे, आणि तेथेच घोटाळा आहे. ऑटिझम ही संज्ञा स्विस मनोवैद्य ब्लॉइलर यांनी गेल्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या अलिप्तपणासाठी वापरली होती. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि तीच संज्ञा त्यांना लावली. मराठी पर्याय त्या संज्ञेचा अर्थ धरून आला. ‘स्वमग्न’ म्हटले की ध्यानस्थ, आत्मरत, जगाची पर्वा नसलेला कोणी योगी डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्याकडे येणाऱ्या एका आजीबाई तर नातवाबद्दल ‘मागल्या जन्मीचा साधू आहे, बोलायला मागत नाही’ असे कौतुकाने सांगत असत, आणि त्या कौतुकापायी त्या नातवाची श्रवणचाचणीसुद्धा पाच वर्षांपर्यंत झाली नव्हती.

ज्यांना स्वतःला ऑटिझम आहे आणि ज्यांनी आपले अनुभव लिहिले, त्यांचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. पशुवर्तनशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ साली आले. २०१० मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. मिठी मारली की श्वास कोंडतो, शाळेची घंटा दाताच्या मुळाशी यंत्र फिरवावे तशी बोचते, अशा प्रकारचे अनुभव त्यांनी मांडले आहेत. बाहेरच्या जगाचे भान नाही असे नव्हे. बाहेरचे जग फार मोठ्या आवाजात, फार प्रखर उजेडात आत शिरते, आणि ते आवरण्यासाठी मूल कान झाकते, डोळे फिरवते, बुचे एका ओळीत मांडते. इंद्रियार्थांच्या अतियोगाची कल्पना ज्यांच्या शास्त्रात पहिल्या पाठात येते, त्या आपणाला हे समजणे अवघड पडू नये. पण ‘स्वमग्न’ हा शब्द आपल्याला उलट दिशेला नेतो. शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही. आता तो रुळला आहे. तो उच्चारताना मनात काय उमटते, याकडे मात्र लक्ष असावे.

मातेच्या माथी दोष

प्रसारमाध्यमांनी केलेले सर्वांत मोठे नुकसान मात्र चित्रपटाने केलेले नाही, वार्तांकनाने केले. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४८ साली कॅनर यांच्या रुग्णांविषयी लिहिताना या मुलांचे वर्णन गोठलेली मुले असे केले आणि त्यांच्या आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले. पुढे ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे शीतकपाटासारखी आई, ही कल्पना वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून घराघरात गेली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला विद्वत्तेचे वस्त्र चढवले. बेटलहाइम लिहीत ओघवते, बोलत प्रभावी, आणि कार्यक्रमांतून सतत दिसत. त्यामुळे त्यांचे म्हणणे शास्त्र म्हणून खपले. वास्तविक त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, स्वतः अशा मुलाचे पिता असलेल्या रिमलँड यांनी हा मेंदूच्या घडणीचा विषय आहे, आईच्या मायेचा नव्हे, असे साधार मांडले होते. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या सभेत उभे राहून आईबापांना या दोषातून मुक्त केले. पण त्या सभेची बातमी मुखपृष्ठावर आली नाही. वीस वर्षे आया अपराधाचे ओझे वाहत राहिल्या.

ही अमेरिकेची जुनी कथा आपणाला का सांगावी? कारण तेच प्रकरण सांप्रत आपल्याकडे नव्या वेषात चालू आहे. ‘मोबाइलमुळे होणारा ऑटिझम’ अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मोबाइलवरच्या चित्रफिती भरलेल्या असतात. त्याला ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. हे नाव कोणत्याही मान्यताप्राप्त निदानसूचीत नाही. तान्ह्या मुलाला तासन् तास पडद्यापुढे बसवले तर त्याची भाषा मागे पडते, हे खरे. पडदा दूर करावा, हेही खरे आणि आम्ही प्रत्येक पालकाला ते सांगतो. पण पडदा दूर केल्यावर जे मूल महिन्या-दोन महिन्यांत बोलू लागले त्याची बातमी होते, आणि जे बोलू लागले नाही त्याच्या आईकडे सासर वळून पाहते. आमच्या समोर बसलेल्या एका मातेने, ती बँकेत नोकरी करते, पहिल्याच वाक्यात कबुली दिल्यासारखे सांगितले होते, ‘डॉक्टर, मी त्याला मोबाइल द्यायचे, माझंच चुकलं.’ तिला विचारले असता कळले की, मुलाने एक वर्षाचा असतानाही हाकेला ओ दिली नव्हती, बोटाने वस्तू दाखवली नव्हती; मोबाइल त्यानंतर सहा महिन्यांनी हाती आला होता.

हिंदी पडद्यावर

आपल्याकडील चित्रे पाहू गेल्यास ‘युवराज’ (२००८) मध्ये अनिल कपूर यांनी उभा केलेला ज्ञानेश हा अलौकिक गायक-संगीतकार. २००९ साली झी वाहिनीवर ‘आपकी अंतरा’ ही मालिका आली. तिच्या केंद्रस्थानी अशी लहान मुलगी होती, हे विशेष, कारण पडद्यावर हा विकार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. प्रत्यक्षातही मुलग्यांचे प्रमाण अधिक असते, परंतु त्यामुळे मुलींकडे पाहणाऱ्याची दृष्टी आणखीच बोथट होते. शांत बसणारी मुलगी ‘गुणी’ ठरते आणि तिचे निदान शाळेत जाईपर्यंत किंवा त्याहूनही पुढे लांबते. ‘माय नेम इज खान’ फेब्रुवारी २०१० मध्ये आला. ‘बर्फी’ २०१२ मधला. त्यातल्या झिलमिलला लेखकाने कोणतीही दैवी कला बहाल केलेली नाही, ती केवळ एक माणूस आहे आणि तिला माया लागते, म्हणून आम्हाला ते चित्र इतरांहून प्रामाणिक वाटते. जून २०२५ मधील ‘सितारे जमीन पर’मध्ये तर बौद्धिक वा विकासात्मक भिन्नता असलेल्या कलाकारांनीच त्या भूमिका केल्या. मराठीत ‘यलो’ने (२०१४) हे आधीच करून दाखवले होते, तो विषय डाउन सिंड्रोमचा, पण जिची कथा तीच पडद्यावर होती. ‘देवराई’ (२००४) ने स्किझोफ्रेनिया आणि ‘नितळ’ (२००६) ने कोड हा विषय ज्या संयमाने हाताळला, ती पाहिलेल्या वाचकांना आमची अपेक्षा काय आहे ते वेगळे सांगावयास नको. परदेशी मालिका आता घरबसल्या दिसतात. त्यातला डॉक्टरही विलक्षण बुद्धिमान, कोरियन मालिकेतली वकीलही विलक्षण बुद्धिमान. असो.

‘माय नेम इज खान’चे आमच्यावर ऋण आहे, ते येथे मान्य केले पाहिजे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची आई २०११ च्या फेब्रुवारीत पुन्हा आली. तिने तो चित्रपट घरी वाहिनीवर पाहिला होता. ती म्हणाली, ‘डॉक्टर, तो शाहरुख बोलताना समोरच्याकडं बघतच नाही, आणि आवाजानं बेजार होतो. आमचंही तसंच आहे की. कुकरची शिट्टी झाली की कान गच्च धरून बसतो.’ जे आम्ही समोर पाहून ओळखले नाही, ते तिने चित्रपट पाहून ओळखले. आम्ही त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी बालविकासतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

पण त्या चित्रपटाने तिला आणखी एक गोष्ट दिली होती. उठताना तिने विचारले, ‘त्याला सगळी यंत्रं दुरुस्त करता येतात. आमच्याला काय येईल?’ मुलाच्या वडिलांनी ‘युवराज’ पाहून एक की-बोर्ड विकत आणला होता. पुढची दोन वर्षे ते त्या मुलातली सुप्त कला शोधत राहिले. मुलगा एकच पट्टी दाबत असे, अर्धा अर्धा तास. स्पीच थेरपीला नेण्याऐवजी संगीताच्या शिकवणीला नेले जाई, कारण बसभाडे एकाच फेरीचे परवडत होते. कला सापडली नाही, तेव्हा त्या घरात मुलाच्या निदानाच्या दिवसाहूनही मोठे दुःख झाले, असे त्या मातेने आम्हाला नंतर सांगितले.

बातमीतील औषध आणि आपली दुकाने

औषधविक्रेत्या वाचकांनी पुढील प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे. १९९६ साली अमेरिकेत एका मुलाला पोटाच्या तपासणीसाठी सीक्रेटिन नावाचे, अग्न्याशयाला चेतवणारे संप्रेरक दिले गेले. त्यानंतर मूल बोलू लागले, असे त्याच्या आईचे निरीक्षण. ऑक्टोबर १९९८ मध्ये एका राष्ट्रीय दूरचित्रवाणी वाहिनीने ही कथा दाखवली. पाहता पाहता औषधाचा तुटवडा पडला, किंमत कडाडली, आणि पालक मिळेल तेथून ते आणू लागले. १९९९ च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तुलनात्मक परीक्षणाचा निष्कर्ष आला: सीक्रेटिन दिलेल्या मुलांत आणि केवळ मिठाचे पाणी दिलेल्या मुलांत काही फरक नाही. दोन्ही गटांतल्या मुलांत थोडीथोडी सुधारणा दिसली होती. आणि हा निष्कर्ष समजल्यानंतरही त्या परीक्षणातल्या दोन तृतीयांशाहून अधिक पालकांना सीक्रेटिन हवेच होते.

आम्ही हे वाचले तेव्हा थबकलो. कारण ‘आमच्या औषधाने मूल बोलू लागले’ असे प्रशस्तिपत्र आमच्याही कपाटात होते. मूल वाढत असते. वाढता वाढता काही शिकते. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. मिठाच्या पाण्यालाही मिळाले.

लसीचे प्रकरण सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध आला, वृत्तपत्रांनी लस आणि ऑटिझम यांची सांगड घातली, निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटिश वैद्यक नोंदवहीतून कमी झाले. भीती मात्र मागे घेता आली नाही. अगदी अलीकडे, २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गर्भिणीने पॅरासिटामॉल घेण्याचा संबंध ऑटिझमशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने दोनच दिवसांत असा निर्णायक पुरावा नसल्याचे सांगितले. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भावंडांची तुलना केली असता संबंध आढळला नव्हता. तरी त्या आठवड्यात ज्वर असलेल्या दोन गर्भिणी औषध न घेता तापात राहून आमच्याकडे आल्या.

आता आपल्या घरातले बोलू. कोपऱ्याकडे तोंड करून बसलेले मूल, काचेवर टेकलेला हात, कोड्याचा सुटलेला तुकडा, आणि त्याखाली एखाद्या घृताच्या किंवा थेंबांच्या बाटलीचे चित्र: अशा जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, काहींनी दुकानात लावल्याही आहेत. कोड्याचा तुकडा हे चिन्ह १९६३ साली ब्रिटनमधील पालकांच्या संस्थेने स्वीकारले, तेव्हा त्यात रडणारे मूल होते. आता ऑटिझम असलेले अनेक प्रौढ या चिन्हाला हरकत घेतात. आम्ही काही अपुरे तुकडे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. ते बाजूला ठेवले तरी जाहिरातीचा अर्थ सरळ आहे: आत एक चांगले मूल कोंडलेले आहे, हे औषध कुलूप उघडील. ज्या पालकाने पडद्यावर रेमंड पाहिला आहे, त्याला हे लगेच पटते. ही भाषा आपल्या शास्त्राची नाही. ऑटिझम मुळातून दूर करणारे औषध कोणत्याही वैद्यकपद्धतीत सिद्ध झालेले नाही. आधुनिक वैद्यकातही रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्रॅझोल ही औषधे अमेरिकेत संमत झाली ती चिडचिड व आक्रस्ताळेपणा यांपुरतीच.

याचा अर्थ वैद्याला काही काम नाही, असा मुळीच नव्हे. या मुलांत मलावष्टंभ, आध्मान, तुटक झोप, अरुची या तक्रारी सर्रास आढळतात. पोट दुखत असलेले मूल सांगू शकत नाही, म्हणून ते डोके भिंतीवर आपटते, आणि पडद्यावर ते ऑटिझमचे लक्षण म्हणून दाखवले जाते. कोष्ठ साफ झाल्यावर आपटणे थांबलेले आम्ही पाहिले आहे. पण तेव्हा मलावष्टंभ बरा झाला, एवढेच म्हणावे. अभ्यंग काहींना सुखावतो, काहींना हलका हात सहन होत नाही आणि दाब देऊन लावलेले तेल चालते. आईला विचारून, थांबून थांबून करावे लागते. कडू काढा नाक दाबून पाजण्याचा आग्रह या मुलांच्या बाबतीत सर्वस्वी वर्ज्य समजावा.

न बोलणाऱ्याची परीक्षा

काही वैद्यबंधू या अवस्थेचा मेळ उन्मादाशी किंवा बालग्रहांशी घालतात. आमचे मत असे की, उन्मादात स्थिर असलेले मन विचलित होते, येथे मनाची घडणच आरंभापासून निराळी आहे. आणि ग्रहबाधा हा शब्द आजच्या घरात उच्चारला की पालक मांत्रिकाकडे जातात. ‘बाधा’ हेही चित्रपटाइतकेच जुने आणि बलवान चित्र आहे. विकाराचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे खरे. येथे मात्र नावाचीही निकड आहे, कारण शाळेतली सवलत, प्रमाणपत्र आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ त्या नावावर अवलंबून असतात. ते नाव तज्ज्ञाकडून वेळेवर मिळवून देणे हे आपले काम.

ही परीक्षा आपल्या परंपरेला परकीही नाही. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आठवावा. बोलू न शकणाऱ्या बालकाला कोठे काय होते आहे, हे त्याच्या चेष्टांवरून ओळखण्याचा तो पाठ. मस्तक दुखणारे बालक डोके हलवते व डोळे मिटते, कान दुखणारे हातांनी कान चाचपते, अशी एकेक नोंद तेथे आहे. आचार्यांनी मूल पाहिले होते. कोणी रंगवलेले चित्र पाहून लिहिले नव्हते. आम्ही विद्यार्थिदशेत तो अध्याय गुणांसाठी पाठ केला आणि मेजावरची बुचे पाहूनही तो आम्हाला आठवला नाही.

हे आता केवळ खाजगी चिकित्सालयापुरते राहिलेले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यक अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो, आणि तपासावयाच्या अवस्थांत ऑटिझमचाही समावेश आहे. म्हणजे अंगणवाडीतल्या मुलापर्यंत पोहोचणारी पहिली तज्ज्ञ नजर बहुतेक वेळा आपल्यापैकी कोणाची तरी असते. आपले अनेक सभासद या पथकांत आहेत. एका दिवसात शेकडो मुले, प्रत्येकासाठी दोन-तीन मिनिटे. अशा घाईत माणूस समोर पाहत नाही, मनातले चित्र ताडून पाहतो. म्हणून अंगणवाडीताईंना विचारावयाचे चार प्रश्न आम्ही एका कागदावर लिहून त्या सभासदांना दिले आहेत: हाकेला वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आपण दाखवलेल्या दिशेला पाहतो का, इतर मुले खेळतात तेव्हा त्यांच्याकडे जातो का. हसतो का, आईला बिलगतो का, हे प्रश्न त्यात मुद्दाम घातलेले नाहीत.

त्या मुलाला आता अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. तो थोडे बोलतो. दोन-तीन शब्दांची वाक्ये, बहुधा खाण्याविषयी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आईबरोबर येतो. आल्याबरोबर आमच्या डोक्यावरचा पंखा बंद करतो, त्याचा आवाज त्याला सोसत नाही. मग घामाघूम होत आम्ही त्याचे पोट तपासतो. मेजावरची बुचे अजून ओळीत मांडतो, परंतु एखादे सरकवले तर आता रडत नाही, आमच्या हाताकडे पाहतो आणि थांबतो. आई त्याच्या नावे निरामय विम्याचे आणि कायदेशीर पालकत्वाचे कागद करण्याच्या खटपटीत आहे. गेल्या खेपेस तिने विचारले की, ‘सितारे जमीन पर’ त्याला दाखवावा का. चित्रपटगृहात आवाज फार मोठा असतो, घरी लावा, असे आम्ही सांगितले. तिने तसा लावला. त्याने पहिली दहा मिनिटे पाहिला आणि मग उठून स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे मांडत बसला.